चिमीची गाठ

कुत्रे पाळणे ही शहराची रीत आहे. आमच्या निमगाव केतकीत ते पाळले जात नाही. एक दिवस मळ्यावर येते, राहते, आणि वर्षभराने घरातल्या माणसांत त्याची गणना होऊ लागते. दत्ताच्या पायांशी बसलेल्या चार कुत्र्यांना आपण चार वेद म्हणतो, खंडोबाच्या कुत्र्यालाही हात जोडतो. मात्र कुत्रीच्या पोटाकडे, तिच्या सडांकडे निरखून पाहण्याचा आपला प्रघात नाही. गाठ दिसलीच तर ‘दूध साकळलंय’ म्हणायचे आणि हळद-चुना लावायचा.

चिमी अशीच आमच्या पानमळ्यात आली आणि राहिली. नागवेलीच्या गारव्यात दुपारभर पडून असायची. तिला वर्षाआड पिल्ले व्हायची. एका वर्षी ती झाली नाहीत, तरी दोनेक महिन्यांनी तिच्या सडांना दूध उतरले! माझ्या भाच्याची एक चप्पल पळवून ती शेवरीच्या बुंध्याशी घेऊन बसली. चाटायची, कुशीत ओढायची, कुणी जवळ गेले की गुरगुरायची. गडीमाणसे हसली. काकी तेवढी हसली नाही. ‘असू दे तिला,’ म्हणाली आणि भाच्याला दुसरी चप्पल आणून दिली.

या चपलेत सगळे मर्म आहे, असे मला पुढे वाचताना वाटले. कुत्री माजावर येऊन गेली की, गर्भ राहो वा न राहो, तिच्या बीजकोशातून सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक झरत राहते. बाईच्या शरीराला गर्भ नाही हे दोन आठवड्यांत कळते. कुत्रीच्या शरीराला ते कळतच नाही. प्रत्येक माजानंतर तिच्या दुधाच्या ग्रंथी बाळंतपणाची पुरी तयारी करतात. पेशी दुभंगतात, वाढतात, मग ओसरतात. एवढेच नव्हे, प्रोजेस्टेरॉनच्या हुकमाने कुत्रीची ही ग्रंथी स्वतःच वाढीचे संप्रेरक बनवू लागते. एरवी ते काम मेंदूच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीचे. पेशी जितक्या वेळा दुभंगणार तितक्या वेळा तिच्यातल्या जनुकांची नक्कल होणार, आणि नकलेत चूक राहण्याची संधीही तितक्या वेळा येणार. पेशीला आवर घालणाऱ्या ‘पी ५३’ सारख्या जनुकातच अशी चूक राहिली, तर तिला थांब म्हणणारे कुणी उरत नाही.

म्हणून शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्र्यांत ही गाठ सर्वांत जास्त आढळते, आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास घातक निघतात. १९६९ साली अमेरिकेत एक मोजदाद प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीचा धोका शंभर धरला, तर पहिल्या माजाआधी बीजकोश काढलेलीचा तो अर्धा भरला. एका माजानंतर आठ, दोन वा अधिक माजांनंतर सव्वीस. या आकड्यांच्या भक्कमपणाविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या, पण रोख कुणी नाकारलेला नाही. पिल्ले नकोत म्हणून कुत्रीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीची इंजेक्शने टोचतात, तीही याच आगीत तेल ओततात.

बीजकोशाचे आणि स्तनाचे हे नाते माणसाला प्रथम गोठ्यातून उमगले, याची मला मौज वाटते. दूध आटू नये म्हणून काही ठिकाणी शेतकरी व्यालेल्या गाईचे बीजकोश काढतात, हे ग्लासगोच्या बीटसन नावाच्या डॉक्टरच्या कानावर आले होते. त्यावरून त्याने स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईचे बीजकोश काढून पाहिले. गाठ ओसरली. हे त्याने १८९६ साली छापले. संप्रेरक हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता.

आपल्याकडची गोष्ट परळची. एका परळात जनावरांचा बाई साकरबाई दवाखाना १८८३ चा, पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चे. कुत्री आणि बाई दोघींची गाठ कापणारे हात एकाच वस्तीत. तिथेच, १९५२ साली निघालेल्या कर्करोग संशोधन केंद्रात, डॉ. खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या कमल रणदिवे उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगावर काम करीत. बाई पुण्याच्या, हुजूरपागेच्या. उंदरांत हा रोग आईच्या दुधातून पिलात उतरतो, हे अमेरिकेत १९३६ साली दिसून आले होते; तो एका विषाणूमार्फत उतरतो, हे पुढे कळले. रणदिवेबाईंनी विषाणू, संप्रेरके आणि वंश या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय, हे वर्षानुवर्षे तपासले. बाईत किंवा कुत्रीत असा विषाणू या रोगाचे कारण म्हणून सिद्ध झालेला नाही. संप्रेरकांचा आणि वंशाचा धागा मात्र तिन्ही जातींत सापडतो. ज्या ‘ब्रका’ जनुकांतल्या बिघाडाने काही घराण्यांतल्या बायकांना हा रोग होतो, त्याच जनुकांशी स्प्रिंगर स्पॅनियल जातीच्या कुत्र्यांतल्या गाठींचा संबंध २००९ साली दिसला.

चिमीची गाठ मागच्या जोडीत होती, बहुधा ती तिथेच येते. लिंबाएवढी झाली तेव्हा तिला टेम्पोत घालून बारामतीला नेली. कापून काढलेली गाठ डॉक्टरांनी ताटलीत टाकली तर टणकन आवाज झाला. आत हाड होते! कुत्र्यांत अशा मिश्र गाठी पुष्कळ दिसतात. हाड घडवा असा हुकूम देणारी प्रथिने त्यांत सापडली आहेत. दुधाच्या ग्रंथीने हाड घडवावे, याहून मोठा गोंधळ कोणता? तपासणीत ती गाठ निरुपद्रवी ठरली.

हे मी घरी सांगितले तेव्हा काकी पाने जुळवीत होती. हात न थांबवता तिने विचारले, ‘समद्याच गाठी अशा असत्यात व्हय?’

‘नाही. निम्म्या वाईट असतात.’

पुढची कवळी तिने लावली, सुतळी बांधली. ‘कुत्रीला काय पदर न्हाय. तिची दिसली,’ ती म्हणाली, ‘माझी दोन वरसं झाली.’

घरात तीन सुना, एक लेक, मी. कुणाला कळले नव्हते. बायकांच्या या रोगाने आज देशातल्या बायकांच्या इतर सर्व कर्करोगांना मागे टाकले आहे, आणि तो उशिरा उघडकीस येतो त्याला पदर हेही एक कारण आहे. तिची गाठ घातक निघाली, पण काखेत उतरली नव्हती. शस्त्रक्रिया झाली. तपासणीच्या कागदावर लिहिले होते की पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राहक आहेत. म्हणजे गाठ अजून संप्रेरकांच्या शब्दात होती. हे चांगले लक्षण. कुत्रीतही गाठ जितकी वाईट, तितके हे ग्राहक तिच्यावरून नाहीसे होत जातात.

काकीला रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी सुरू झाली. ती इस्ट्रोजेनची वाट अडवते. गोळ्यांची पट्टी ती पानाच्या चंचीत ठेवते, सुपारीशेजारी. एकदा तिने विचारले, ‘चिमीला का न्हाय दिली ही?’

मी सांगितले की कुत्रीच्या अंगात हीच गोळी उलटी वागते. इस्ट्रोजेन अडवायचे सोडून स्वतःच त्याच्यासारखी होते आणि गर्भाशयात पू धरतो.

‘मग नगं तिला,’ काकी म्हणाली आणि गोळी घेऊन वर पाणी प्याली. पुढची तपासणी जून महिन्यात आहे. तुकोबांची पालखी गावात मुक्कामाला असते त्या दिवशी आपल्याला बोलवायचे नाही, हे तिने डॉक्टरांना आधीच बजावून ठेवले आहे.