शंभरी

परवा रात्री झोप येईना म्हणून ॲन राईसचं 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' परत काढलं. (आत्या, हो, तेच रक्त पिणाऱ्यांचं. तू इथेच थांबलीस तरी चालेल.) कॉलेजात वाचलं तेव्हा खिडक्या लावून झोपत होते. या खेपेला भीती वाटलीच नाही.

न्यू ऑर्लिन्समधला लुई आणि त्याला व्हॅम्पायर करणारा लेस्टॅट. दोघांचं पटत नाही. लुई सोडून जाणार असं दिसायला लागल्यावर लेस्टॅट त्याला अडकवायला पाच वर्षांच्या अनाथ क्लॉडियाला आपल्यातली करून टाकतो. मूल झालं की संसार टिकेल, हा सल्ला आपल्याकडे अजून देतात तसंच! आणि टिकतोही, चांगला ६५ वर्षं. पण क्लॉडियाचं मन बाईचं होतं आणि शरीर राहतं पाच वर्षांचं. १९९४च्या सिनेमात लेस्टॅट तिला दरवर्षी बाहुलीच आणून देतो.

राईसबाईंची स्वतःची मुलगी १९७२ साली ल्युकेमियाने गेली. सहा वर्षांचीही झाली नव्हती. कादंबरी १९७६ची. हे माहीत झालं की क्लॉडियाचा राग राग करता येत नाही.

पुढे पॅरिसमध्ये आर्मां भेटतो, शेकडो वर्षं जगलेला. तो सांगतो की अमरपण फारच थोड्यांना झेपतं. कपडे, बोली, माणसं, सगळं बदलत जातं आणि आपण तिथेच. म्हणून त्याला लुई हवाय. सोबतीला तर हवाच, पण हा नवा काळ समजावून सांगायलाही.

इथे पुस्तक मिटलं. आपला अश्वत्थामा आठवला. जखमेसाठी तेल मागत फिरतो म्हणतात, पण त्याच्या वेळच्या गप्पा मारायला आहे कोण? (मामा कृपाचार्य चिरंजीव आहेत म्हणा, पण दोघं भेटल्याचं कधी ऐकलं नाही.)

आणि मग आजी आठवली.

आजी ९३ वर्षांची. घर भरलेलं, पतवंडं अंगाखांद्यावर. "तू कुठे एकटी आहेस?" असं आम्ही सगळेच तिला म्हणतो. गेल्या वर्षी तिची गिरगावातली शेवटची मैत्रीण गेली. दोघी फोनवर तासतासभर बोलायच्या, चाळीतला नळ, कुणाची मंगळागौर, १९४०च्या दशकातली भांडणं. ती गेल्यावर आजी रडली नाही. चार दिवसांनी भाजी निवडताना एवढंच म्हणाली, "माहेरच्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही."

मी घाईघाईने म्हटलं, "असं काय गं, शंभरी गाठायचीय तुला!"

"कुणाला हवीय शंभरी? तुला की मला?"

मला. खरं तर मलाच. तिच्यानंतर मला 'ठमे' कोण म्हणणार? पण हे काही तिला सांगितलं नाही.

परवाच्या त्या रात्रीनंतर सकाळी तिच्याजवळ बसले आणि धीर करून तिचं माहेरचं नाव घेऊन हाक मारली. तिने चमकून पाहिलं. मग इतकी हसली की ठसकाच लागला.

"नको गं बाई," म्हणाली, "तुझ्या तोंडून कुणा भलतीचंच वाटतं."

मग चहा मागितला. साखर जास्त घालून.