माणिकगडाहून चांद्याला

मुलांनो, तुम्ही गडचांदूरला आलात, की आधी दिसतील सिमेंट कारखान्यांच्या उंच चिमण्या. इथं जमिनीत चुनखडी भरपूर, म्हणून हे कारखाने. पण तुम्ही जरा डोंगराकडे वळा. तिथं जंगलात काळ्या दगडांचा माणिकगड उभा आहे. नागवंशी राजांनी तो बांधला असं सांगतात. पुढे तो गोंड राजांकडे आला. गडावरून खाली पाहिलं की एक गोष्ट चटकन कळते. डोंगर ज्याच्या ताब्यात, त्याची मूठभर माणसंही मोठ्या फौजेला भारी पडतात.

एवढं लक्षात ठेवा आणि चला चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. राजुरा मागे पडलं की वर्धा नदी लागते. १८५८ साली ही नदी म्हणजे सरहद्दच होती! अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचं. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ साली खालसा केलं, तेव्हा चांदाही त्यांच्या हाती गेला.

त्याच मुलखात मोलमपल्लीचे तरुण जमीनदार होते बाबुराव शेडमाके. वय किती? अवघं पंचवीस! त्यांनी सुमारे पाचशे तरुण जमवले आणि ‘जंगोम सेना’ उभारली. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा जिंकला. मग कॅप्टन क्रिक्टननं फौज धाडली. नांदगाव घोसरीला लढाई झाली आणि इंग्रजांना माघार घ्यावी लागली.

नंतर बाबुरावांनी गढीसुर्ल्याच्या डोंगरावर तळ दिला. इंग्रजांनी डोंगराला वेढा घातला. खालून बंदुका धडाडू लागल्या. अशा वेळी पुढारी डगमगला, तर सेना पळालीच म्हणून समजा! पण बाबुराव हटले नाहीत. त्यांच्या माणसांनी वरून धडाधड दगड लोटायला सुरुवात केली. जंगलाच्या माणसांनी डोंगरालाच हत्यार केलं. बंदुकवाल्या फौजेची पांगापांग झाली.

एप्रिलमध्ये प्राणहितेकाठी चिंचगुडीला तारखात्याच्या तळावर त्यांच्या सेनेनं हल्ला केला. त्यात हॉल आणि गार्टलँड हे दोन इंग्रज मारले गेले. समोरासमोर बाबुराव हाती लागेनात, तेव्हा इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. आपल्याच माणसांकडून बाबुराव पकडले गेले. जे बंदुकीला जमलं नाही, ते फितुरीनं केलं.

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात, पिंपळाच्या झाडावर, त्यांना फाशी दिली. दरवर्षी त्या दिवशी दूरदूरच्या गावांहून माणसं इथं वंदन करायला येतात. २००९ साली भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीटही काढलं.

लढाई किती दिवस चालली, किती मुलूख जिंकला, हे आकडे विसरलात तरी चालेल. पण गोळ्या सुटत असताना जो आपल्या माणसांबरोबर उभा राहतो आणि डोकं शांत ठेवून वाट काढतो, तोच खरा पुढारी, एवढं मात्र विसरू नका.