पुलावरची उडी

परवा आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत एका मुलाचा न्यायनिवाडा झाला. आरोपी दहावीतला. गच्चीच्या कठड्यावरून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, हा गुन्हा. वाईट संगत, मोबाइलचे वेड, घरचे लाड अशी निरनिराळी निदाने पुढे आली. चार महिन्यांपूर्वी त्याचे वडील वारले, ही गोष्ट मात्र कोणाच्याच बोलण्यात आली नाही. ती आठवण मीच करून द्यावयास हवी होती. पण मी चहाच्या पेल्याकडे पाहत गप्प बसलो. मनाने मी तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलावर जाऊन पोहोचलो होतो.

ते साल २००५. मी पंधरा वर्षांचा होतो. मार्चमध्ये वडील गेले. मे महिन्यात राहती जागा सोडून आम्ही मामांच्या घरामागील दोन खोल्यांत आलो. जूनमध्ये माझी शाळा बदलली. जुलैअखेर कृष्णेला पूर आला. पुढे त्या पुराने ५३ फूट ओलांडले आणि गावात होड्या फिरल्या. पण मी सांगतो तो दिवस त्याआधीचा, पाणी ४० फुटांची इशारा पातळी नुकतेच ओलांडत होते तेव्हाचा. पूर आला की पुलावरून उड्या टाकावयाच्या, ही सांगलीकरांची जुनी हौस. टाकणारे पट्टीचे पोहणारे. कोठे पडायचे आणि कोणत्या काठाला लागायचे, हे त्यांना ठाऊक असते. माझी विद्या म्हणजे उन्हाळ्यातल्या संथ पाण्यात, पाठीला भोपळा बांधून, वडिलांनी शिकविली तेवढीच.

ह्या वयाच्या मुलांना धोका कळतच नाही, असे मोठी माणसे समजतात. मला तो चांगला कळत होता. गढूळ पाणी, त्यातून वाहत येणारे ओंडके, सारे दिसत होते. पण गेल्या चार महिन्यांत जे जे घडले, ते मला न विचारता घडले होते. जागा सोडावी की नाही, वडिलांचा कोट कोणाला द्यावा, काही कोणी विचारले नाही. ‘आता तू मोठा झालास,’ हे मात्र प्रत्येकाने सांगितले! कठड्यावर उभा राहिलो तेव्हा प्रथमच वाटले की, आता जे होईल ते माझ्या हातून होईल. त्या वाटण्यात विलक्षण गोडी होती. तिची मला आजही भीती वाटते.

पाण्याने मला हरिपुराच्या दिशेने ओढले. मी घाबरून सरळ काठाकडे हात मारू लागलो आणि दम संपला. तेव्हा वडिलांचे सांगणे आठवले : वाहत्या पाण्याशी भांडू नये, त्याच्याबरोबर जात जात तिरपे सरकावे. बुडालेल्या बाभळीची फांदी हाताला लागली, म्हणून आज हे लिहीत आहे. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मामांनी माझी वाईट संगत तोडण्याचा चंग बांधला. नव्या शाळेत मला एकही मित्र नव्हता, हे त्यांच्या गावीही नव्हते.

पुढे शिक्षक होताना थॉमस होम्स व रिचर्ड राहे ह्या अमेरिकन मनोवैद्यांचे १९६७ सालचे कोष्टक वाचनात आले. आयुष्यातल्या ४३ उलथापालथींना त्यांनी गुण दिले आहेत. जोडीदाराचा मृत्यू १००, जवळच्या आप्ताचा ६३, सांपत्तिक स्थितीतील बदल ३८, घर बदलणे २०, शाळा बदलणे २०. मी माझी बेरीज केली. ती १४१ भरली. इतके गुण मला दुसऱ्या कोणत्याही विषयात मिळाले नाहीत. कोष्टक मोठ्या माणसांसाठी आहे, आणि आजाराचा संभव किती एवढेच सांगते. मुलगा पुलावर जाईल का, ह्याचे त्यात उत्तर नाही. मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग ह्यांनी २००५ मध्येच प्रयोगाने दाखविले की, मित्र जवळ असले म्हणजे १३ ते १६ वर्षांची मुले मोटारीच्या खेळात एरवीपेक्षा अधिक धोका पत्करतात. वर्गात मी हे रोज पाहतो. पण पुलावर मी एकटा गेलो होतो.

शाळा सुटल्यावर त्या मुलाला थांबवून घेतले. कठड्याविषयी अवाक्षर न काढता पुलाची हकीकत सांगितली.

“सर, भीती नाही वाटली?”

“पाण्यात पडल्यावर वाटली.”

बराच वेळ तो बुटाच्या टोकाने माती उकरीत राहिला. मग खाली पाहतच म्हणाला, “बाबांची गाडी काकांनी विकली. मला सांगितलंसुद्धा नाही.”