न खायचे कांदे

आषाढात झड लागली, की स्वयंपाकघरातल्या कांद्याच्या टोपलीतून एक आंबूस वास येऊ लागतो. तळाशी एखादा कांदा नासलेला असतो. तो हाताला लागेपर्यंत त्याने शेजारच्या दोघांना ओलं केलेलं असतं. तिघेही उकिरड्यावर जातात आणि बाजारात भाव काय चाललाय याची चौकशी सुरू होते. मला मात्र या वासासरशी आठवतो तो शेतकऱ्याच्या माळ्यावर, खायच्या ढिगापासून हातभर दूर पसरलेला तांबड्या कांद्यांचा छोटा ढीग. स्वयंपाकाला कांदा कमी पडला तरी त्याला कोणी हात लावायचा नाही, कारण तो बियाण्याचा. गावरान कांदा परसात लावण्याची हौस हल्ली वाढली आहे. तिच्या गप्पांत गादीवाफे असतात, शेणखत असतं, हिरव्यागार पातीचं कौतुक असतं. हा वेगळा ढीग तेवढा नसतो. माझं म्हणणं एवढंच, की पीक वाफ्यात येतं, पण वाण जपलं जातं ते त्या ढिगात.

कांदा आपलं आयुष्य दोन हंगामांत पुरं करतो. पहिल्यात गड्डा, दुसऱ्यात फूल आणि बी. आपला उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि बियाण्यासाठी तेच कांदे पुन्हा जमिनीत जातात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मधले पाच-सहा महिने त्याला अंगच्या बळावर काढायचे असतात. आधी उन्हाळा त्याचं वजन उडवतो, मग पावसाळी दमट हवा काजळी आणि सड आणते, आणि त्यातून वाचलेल्यांना पुढचा गारवा कोंब फोडायला लावतो. या तीन चाळण्यांतून जो घट्ट आणि कोरडा उरला, त्यालाच पुढची पिढी मिळते. माणूस करतो ते थोडंच. माना पडायच्या सुमारास पाणी तोडायचं, उशिरा युरिया टाकायचा नाही, कांदा पातीसकट सुकवायचा, मग बोटभर मान ठेवून पात कापायची, जोडकांदे आणि जाड मानेचे आधी खाऊन टाकायचे. बाकी निवड हवामान करतं, तीही दरवर्षी आणि फुकट. फुरसुंगीचा फिकट तांबडा कांदा असाच शेतकऱ्यांच्या हातून टिकाऊ झाला. पिंपळगाव बसवंतला स्थानिक कांद्यातून निवडलेल्या एन-२-४-१ या वाणाचं नाव झालं तेही त्याच्या टिकाऊपणामुळे.

यावर कोणी म्हणेल, की बी तर पहिल्याच हंगामात मिळतं, मग माळ्यावरची ही राखण कशाला? मिळतं खरं. थंडी जास्त पडली किंवा रोप जून झालं, की काही झाडं गड्डा नीट न भरताच डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, काढतात. त्यांच्या गोंड्यांतही काळंभोर, दिसायला तसंच बी भरतं. पण ते बी अशा कांद्याचं, ज्याची साठवणीत कधी परीक्षाच झाली नाही. ते पेरत गेलं, की वर्षागणिक डेंगळे वाढतात, आणि मधोमध कडक दांडा घेऊन निघालेला कांदा पाऊस काढत नाही. डेंगळ्याचं बी खपवणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. कांद्याचं बी साध्या हवेत वर्षभरातच उगवण गमावू लागतं, म्हणून शेतकऱ्याला ते दरवर्षी ताजं लागतं. भाव चढलेल्या वर्षी तर तो मिळेल ते उचलतो. चिमूटभर बी तळहातावर घेऊन पाहिलं तरी त्यामागे साठवण होती की नव्हती, हे डोळ्यांना कळत नाही. फसवणूक उघडी पडते तीन-चार महिन्यांनी, वाफ्यात.

रंगाचीही एक बाजू आहे, ती मात्र पार अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधून येते. तिथे १९३३ मध्ये लिंक आणि वॉकर या संशोधकांनी दाखवलं, की रंगीत कांद्याच्या सुक्या पापुद्र्यात कॅटेकॉलसारखी द्रव्यं असतात आणि ती एका बुरशीला बाहेरच्या बाहेर रोखतात. पांढऱ्या कांद्याला हे कवच नसतं. म्हणजे तांबड्या कांद्याचे वरचे पापुद्रे चोळून काढून त्याला चकचकीत करणारा माणूस त्याचं कवचच काढत असतो. अर्थात हे कवच सगळ्याच बुरशींना पुरत नाही. काजळी तांबड्यालाही धरते. आणि अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो पातीच्या माळा विणून वाऱ्यावर टांगला जातो. जिथे रंग कमी पडतो, तिथे हात आणि वारा ती कसर काढतात.

परसात बी धरण्यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो वजनदार आहे. कांद्याचा परागसंकर मधमाश्या करतात आणि त्यांना आपल्या परसाचं कुंपण दिसत नाही. शुद्ध बियाण्यासाठी दोन वाणांत किमान एक किलोमीटर अंतर हवं, ते गावात कुठून आणायचं? शिवाय चार-दोन कांद्यांवर बी धरलं, तर जवळच्या नात्यातल्या संकराने पिढ्या खुरटत जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांतून परसातला कांदा मोडीत निघत नाही. मोडीत निघते ती एकट्याने वाण जपण्याची कल्पना. आळीतल्या पाच घरांनी एकाच वाणाचे राखलेले कांदे एकत्र लावले, तर संख्याही भरते आणि माश्यांचं फिरणं उपयोगीच ठरतं. कांदा विकत घेणं स्वस्त पडतं, हेही मान्य. पण स्वस्ताईची किंमत कोण भरतं, हे १९८० मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या चाकणच्या कांदा-आंदोलनाने दाखवून दिलं. ज्याला थांबता येत नाही त्याला पडेल तो भाव घ्यावा लागतो, आणि न टिकणारा कांदा शेतकऱ्याला थांबू देत नाही.

थांबण्यावरून चातुर्मास आठवतो. आषाढ शुद्ध नवमीला, कांदे नवमीला, भजी-थालीपिठं करून कांद्याला निरोप द्यायचा आणि थेट कार्तिकात पुन्हा जवळ करायचा. बियाण्याचे कांदे मातीत जातात तेही कार्तिकाच्याच आसपास. ही प्रथा साठवणीतून निघाली असा दावा मी करणार नाही. तिची कारणं धर्मशास्त्रात आहेत आणि कांदा-भाकरीवर जगणाऱ्या कितीतरी घरांनी ती कधी पाळली नाही. अरणच्या सावता माळ्यांना तर कांद्या-मुळ्यातच विठ्ठल दिसला; त्याच विठ्ठलाच्या आषाढीपासून कांदा वर्ज्य व्हावा, याचा मेळ मला अजून लागलेला नाही. माळकरी शेतकऱ्याला तो लावत बसायला वेळही नसतो. कांदा तो खात नाही, पण भर पावसात माळ्यावर चढून एकेक चाचपतो आणि नासका वेळीच बाहेर काढतो. खाण्यावाचून त्याचं अडत नाही, बियाण्यावाचून अडतं. गावरान बी मागायला गेलेल्याने म्हणूनच उत्पन्न किती निघालं हे विचारू नये. ज्यावर ते बी धरलं तो आईकांदा किती महिने टिकला होता, एवढंच विचारावं. आणि उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर ते बी घेऊ नये.