करवंदाच्या जाळीत हात घालताना

मे महिन्यात मी तोरण्याला जाते ती गडापेक्षा करवंदांसाठी. वेल्ह्यातून पहाटे निघालं की ऊन चढायच्या आत सोंडेवरच्या जाळ्या गाठता येतात. रात्रभर गारव्यात राहिलेलं करवंद आणि दुपारचं तापलेलं करवंद ही मला तरी दोन वेगळी फळं वाटतात.

जाळीत हात घालण्याआधी काठीने दोनदा ठोकायचं. सावलीला कोण बसलंय सांगता येत नाही. मग तळहात वर करून, फांदीच्या कडेकडेने हात खालून आत न्यायचा. काटे पेरापेराला जोडीने असतात, काही टोकाशी दुभंगलेले. हात आत जाताना सहसा ओरखडत नाही, ओंजळ भरल्यावर घाईने बाहेर काढताना ओरखडतो.

एकाच घोसात हिरवं, लाल आणि काळं करवंद शेजारी शेजारी असतं. डोळ्यांना लालही पिकल्यासारखं वाटतं. खरी परीक्षा बोटांची. पूर्ण पिकलेलं फळ अंगठ्याच्या नुसत्या स्पर्शाने देठ सोडतं. ओढावं लागलं की देठातून पांढरा चीक येतो, बोटं चिकटतात, ओठ चिकटतात, आणि आंबटपणाने दात शिवशिवतात. हे मला वाडीवरच्या एका आजींनी शिकवलं. मी फांदी वाकवून ओरबाडत होते. त्या म्हणाल्या, "वढू नगं गं बाय. पिकलंय ते आपसूक येतंय."

तेव्हापासून मी एका जाळीवर पाचदहा मिनिटंच थांबते. वाटेत तोरणंही खाते, पांढरी, पिठूळ, मोठ्या बीची. या झाडांवरूनच गडाला नाव पडलं असं सांगतात. पण जीव करवंदातच. चावून अर्धं झालेलं फळ अजूनही बघते: आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. लहानपणी त्यावर पैजा लागायच्या.

वाडीजवळच्या जाळ्यांना मी हात लावत नाही. तिथली करवंदं बायका पहाटे तोडून पानांच्या द्रोणांत रस्त्यावर विकायला नेतात, आणि हा हंगाम जेमतेम महिनाभराचा. वळवाच्या दोन सरी पडल्या की फळ पाणचट होतं. घरी न्यायची तर प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजतात, तळातली चेंगरतात. म्हणून मी वेताची छोटी टोपली नेते, तळाशी ओली पानं घालून.

गेल्या वर्षी उतरताना आजी भेटल्या. टोपलीवरचं पान त्यांनी बाजूला केलं, बोटाने फळं चाळली आणि तीन लालसर करवंदं वेचून माझ्या तळहातावर ठेवली.

"ही उद्याची व्हती."