फट केवढी असते?

शाळेत नवीन बाई आल्या, की पहिल्या तासाला हमखास विचारायच्या, "तुझे वडील काय करतात?" कुणाचे बँकेत, कुणाचे पोस्टात, कुणाचे कारखान्यात. माझी पाळी आली, की मी ताठ उभी राहून सांगायचे, "बस चालवतात." मग मधल्या सुट्टीत दोन-तीन जणी तरी जवळ येऊन विचारायच्या, "ए, मग तुला तिकीट लागतं का गं?"

लागायचं. बाबा त्या बाबतीत फार कडक. पण शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर कधीकधी मला त्यांचीच बस मिळायची. मग मी बसायला जागा असली तरी बसायचे नाही. ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला नाक लावून उभी राहायचे. पुणं तेव्हा सायकलींचं गाव म्हणून ओळखलं जायचं आणि हळूहळू स्कूटरींचं होत चाललं होतं. ते मी पाहिलं या जाळीतून.

लाल सिग्नल लागला, की गंमत सुरू व्हायची. बस थांबली रे थांबली, की तिच्या दोन्ही बाजूंनी स्कूटरी, लुना, मोटारसायकली सुळसुळ पुढे यायच्या. जरा म्हणून मोकळी जागा दिसली, की त्यात एक चाक शिरलंच! पाहता पाहता बसच्या तोंडाशी ही गर्दी व्हायची. मला भारी राग यायचा. "बाबा, हे सगळे आपल्या मागून आले आणि आपल्या पुढे गेले! नंबर आपला होता ना?"

बाबा हसायचे. "तायडे, ते पाणी आणि आपण दगड. पाणी वाट काढणारच. दगडानं फक्त एकदम हलायचं नाही."

मुलांनो, हा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही आहात, ते स्कूटर चालवणारे म्हणून नाही. (ज्यांना अजून लायसन्स मिळायचं आहे, त्यांनी किल्लीकडे बघूसुद्धा नये!) तुम्ही आहात मागे बसणारे. शाळेची वेळ झालेली, पुढे गाड्यांची रांग, आणि मागून एक आवाज येतो, "बाबा, तिकडून घाला ना, जागा आहे!" हा आवाज कुणाचा असतो, खरं सांगा बरं.

जागा आहे, हे मागे बसून कसं कळतं? आणि पुढे बसणाऱ्याला तरी कितीसं कळतं? मला याचं उत्तर १९८७ च्या पावसाळ्यात मिळालं. त्या दिवशी मी बसमध्ये नव्हते. रात्री बाबा घरी आले ते नेहमीसारखे बोलेनात. पिशवीतून त्यांनी एक पाण्याची बाटली काढली. लहान मुलांची असते तशी, निळ्या पट्ट्याची. पार चपटी झालेली, भाकरीसारखी. आईच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं.

झालं होतं असं. एका चौकात बसला डावीकडे वळायचं होतं. डावीकडचा दिवा उघडमीट करत होता. सिग्नल सुटला, बाबांनी वळण घ्यायला सुरुवात केली, आणि कंडक्टर काकांनी मागून पत्र्यावर धाडधाड हात मारले. बाबांनी ब्रेक दाबला. बसची डावी बाजू आणि फुटपाथ यांच्या मधे एक स्कूटर शिरली होती. एक गृहस्थ आणि मागे त्यांची दुसरी-तिसरीतली मुलगी. स्कूटर फुटपाथवर कलंडली, मुलीच्या कोपराला खरचटलं आणि तिच्या गळ्यातली बाटली पट्टा तुटून बसच्या मागच्या चाकाखाली गेली. फक्त बाटली.

ते गृहस्थ थरथरत होते. पण अशा वेळी माणूस घाबरण्याऐवजी आधी चिडतो. ते ओरडले, "डोळे आहेत का नाहीत? एवढी स्कूटर दिसत नाही?"

बाबा म्हणाले, "नाही दिसत साहेब. खरंच नाही दिसत. वर येऊन बघा."

आणि त्यांनी त्या गृहस्थांना खरोखरच आपल्या जागेवर बसवलं. कंडक्टर काकांना सांगितलं, स्कूटर होती तिथे जाऊन उभे राहा. काका धिप्पाड, सहा फुटी. गृहस्थांनी डावीकडच्या आरशात पाहिलं, मान लांब करून दारातून पाहिलं. काका कुठेच नाहीत! जिथून त्यांना स्वतःला अख्खी बस दिसत होती, तिथला माणूस बसच्या ड्रायव्हरला दिसत नव्हता. बाबा सांगायचे, ते गृहस्थ खाली उतरले आणि एक शब्द न बोलता मुलीचा हात धरून बराच वेळ उभे राहिले. बाटली तिथेच पडली होती, ती बाबांनी उचलून आणली. आमच्या फळीवर ती किती तरी वर्षं होती. आईनं दोनदा रद्दीत टाकायला काढली, दोन्हीदा बाबांनी परत ठेवली.

मी मात्र एका गोष्टीवर अडले होते. बस वळत होती, तर स्कूटरवाल्यानं आधी ते पाहिलं कसं नाही? त्यावर बाबांनी मला घराबाहेर नेलं. पावसाचं डबकं होतं. माझी सायकल त्यातून ढकलत नेली आणि कोरड्या फरशीवर एकदम वळवली. "बघ, किती रेघा उठल्या?" दोन. पुढच्या चाकाची रेघ बाहेरून गेलेली आणि मागच्या चाकाची आतून. तुम्हीही करून पाहा. कुठल्याही गाडीचं मागचं चाक वळताना पुढच्याच्या मागोमाग जात नाही, ते कोपरा कापतं. सायकलीच्या दोन चाकांत अंतर थोडं, म्हणून फरकही थोडा. बसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत पाच-सहा मीटर अंतर असतं. तिचं मागचं चाक अरुंद वळणावर मीटरभर किंवा त्याहूनही जास्त आत सरकतं. बसचं तोंड पुढे निघून गेलं, आपण सुटलो असं वाटतं, आणि मग पोटाकडची बाजू अंगावर येते.

म्हणूनच बसचे आणि ट्रकचे ड्रायव्हर डावीकडे वळायच्या आधी गाडी जरा उजवीकडे घेतात. मागच्या चाकाला जागा मिळावी म्हणून. आणि तिथेच घोटाळा होतो! बस उजवीकडे सरकली, की डावीकडची फट ऐसपैस होते. स्कूटरवाल्याला वाटतं, वा, आपल्यासाठीच जागा केली. खरं म्हणजे ती जागा कुणासाठी तरी आधीच राखून ठेवलेली असते. मागच्या चाकासाठी.

म्हणजे गाड्यांच्या मधून जाणं वाईटच का? असं मला कित्येक वर्षं वाटायचं. दोन दिवाळ्यांपूर्वी माझा मामेभाऊ अमेरिकेतून आला होता. तो कॅलिफोर्नियात राहतो आणि मोटारसायकलवरून ऑफिसला जातो. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे दोन रांगांच्या मधून जायला कायद्यानं परवानगी आहे." मी म्हटलं, काहीतरीच! पण त्याचं खरं निघालं. तिथे याला लेन-स्प्लिटिंग म्हणतात. २०१६ साली तिथल्या राज्यानं तसा कायदा केला आणि १ जानेवारी २०१७ पासून तो लागू झाला. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तर २०१४ च्या जुलैपासूनच परवानगी आहे. पण तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर गेला, की दंड.

अशी परवानगी का दिली असेल? विचार करा. रांगेच्या अगदी शेवटी मोटारसायकल उभी आहे. मागून येणाऱ्या मोटारीचा ब्रेक उशिरा लागला तर? मोटारीला धडक बसली तर पत्रा चेपतो. मोटारसायकलवाल्याजवळ पत्राच नाही. दोन मोटारींच्या मधे उभा राहिला तर मागून येणाऱ्यापासून तो वाचतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी २०१५ साली अपघातात सापडलेल्या जवळजवळ सहा हजार मोटारसायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या. त्यांतले ९९७ जण अपघाताच्या वेळी रांगांच्या मधून जात होते. या लोकांना मागून धडक बसण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी होतं, डोक्याला मारही कमी जणांना लागला होता. मात्र तेच पुढच्या गाडीवर जाऊन आदळण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं काय दिसलं? आजूबाजूच्या गाड्यांपेक्षा आपला वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नसेल, तोवर धोका फारसा वाढत नाही. त्याच्या पुढे मात्र वाढत जातो.

हा फरकाचा हिशेब तुम्हाला येईल. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. उभ्या गाड्यांच्या मधून या वेगानं निघालात आणि पुढे कुणी मोटारीचं दार उघडलं. "अरे!" असं मनात येऊन हात ब्रेककडे जाईपर्यंत एखादा सेकंद जातो. तेवढ्यात अकरा मीटर संपले. दार तेवढ्या अंतराच्या आत असेल, तर ब्रेक लावायची वेळच येणार नाही. ताशी १५ नं जात असाल, तर त्याच सेकंदात चार मीटरच्या जरा वर. थोडा तरी वाव राहतो. ते दार उघडणारे पुष्कळदा तुम्हीच असता, हेही सांगून टाकते. शाळेचं फाटक समोर दिसलं, की रिक्षातून नाहीतर मोटारीतून डावीकडे धाडकन उडी! त्याच डाव्या फटीतून कुणीतरी येत असतं. आधी मागे पाहा, मग दाराला हात लावा.

मामेभाऊ गेल्यावर मला एक शंका आली. त्याची फट आणि आपली फट एकच आहे का? तिकडच्या मोठ्या रस्त्यावरची लेन ३.६५ मीटरची असते. मोटार रुंदीला दोन मीटरच्या आत. मोटारी लेनच्या मधोमध चालल्या, तर दोन मोटारींच्या मधे दीड मीटरहून जास्त जागा उरते. आता आपल्याकडचं पाहू. शहरातल्या चांगल्या रस्त्यावर लेन साडेतीन मीटरची धरतात. बस २.६ मीटरपेक्षा रुंद नसावी, असा नियम आहे. दोन बस अशा शेजारी उभ्या राहिल्या, तर मधे उरतात ९० सेंटिमीटर. आरसे बाहेर आलेले असतात ते निराळेच. आणि बस अगदी मधोमध उभी राहते, हे मी आपलं हिशेबापुरतं म्हटलं. बाबा वाचत असते तर हसले असते.

मग एका रविवारी आमच्या सोसायटीतली आठ-दहा मुलं गोळा केली. पार्किंगमध्ये खडूनं दोन रेघा मारल्या, ९० सेंटिमीटर अंतरानं. एका मुलाच्या आईनं आपली स्कूटर आणली. हँडल मोजलं, ७० भरलं. "हात्तिच्या! जाते की!" मुलं ओरडली. जाते, दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर ठेवून. म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षाही कमी. मग म्हटलं, आता चालवून दाखवा, रेघेला न शिवता, अगदी सावकाश. त्या ताई रोज स्कूटर चालवतात, तरी तीनदा चाक वाकडं झालं. गॅदरिंगच्या स्लो-सायकलच्या शर्यतीत तुम्ही पाहिलंच असेल, गाडी जितकी हळू, तितकी ती जास्त डुलते. फटीत वेग वाढवावा तर दाराची भीती, कमी करावा तर डुलण्याची!

मग खरी मजा. आमच्या शेजारच्या आजींना विनंती केली, की बसा मागे, नेहमी बसता तशा. त्या एका बाजूला पाय सोडून बसल्या, मांडीवर पिशवी. मधल्या रेघेपासून डावीकडे त्यांचे गुडघे कुठवर येतात ते मोजलं. ५२ सेंटिमीटर! अर्धी फट ४५ ची. आजींचे गुडघे बसमध्ये! पोरं हसून लोळली. आजी हसल्या नाहीत. उतरल्या आणि म्हणाल्या, "बाई गं, आणि मी रोज याला म्हणते, चल रे, जाईल, जाईल." बॅट आडवी घेऊन बसलेल्या एका खेळाडूची मोजणी मी इथे देत नाही, त्याची आई हे साप्ताहिक वाचते.

मला विचाराल तर उभ्या मोटारींच्या मधून, चालत्या माणसाच्या वेगानं, कुणी पुढे सरकलं तर मी डोळे वटारणार नाही. पण बसच्या आणि ट्रकच्या डाव्या कुशीत, विशेषतः कोपऱ्यावर, एक मिनिट वाचतं म्हणून शिरायचं? तिथे मी बाबांची मुलगी आहे. तुम्ही मागे बसला असाल, तर पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणा, "थांबू या, बसला जाऊ दे." शाळेत काय, उशिराबद्दल फार तर वर्गाबाहेर उभं करतील. आणि हेल्मेट फक्त पुढच्यासाठी नसतं. आपल्या कायद्यानं चार वर्षांवरच्या प्रत्येकानं ते घालायचं असतं, मागे बसलेल्यानंसुद्धा. त्याहून लहान, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी २०२२ साली वेगळे नियम आले आणि ते २०२३ पासून लागू झाले. बाळाला हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, आणि वेग ताशी ४० च्या आत.

खडूच्या रेघा अजून पुसल्या नाहीत. मुलांना आता रिक्षा मोजायची आहे. कोपऱ्यावरचे रिक्षावाले काका म्हणाले, मोजा, पण रविवारी सकाळी आठच्या आत या, नंतर भाडी सुरू होतात. आजींनी सांगून ठेवलंय, मला हाक मारल्याशिवाय सुरू करायचं नाही.