लेकरू पाचवीत आहे, पण त्याला वाचता येतं का?

दसरा झाला. आता आमच्याकडं गाड्या भरायला लागतील. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी... बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात कुठंही जा, हेच चित्र. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, चुलीचं सामान, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली लेकरं. मग मार्च-एप्रिलपर्यंत गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि दारांची कुलपं.

ऊसतोडीवर दरवर्षी याच दिवसांत पोस्टी पडतात. उचल, मुकादम, तोडणीचा दर. ते सगळं बोललंच पाहिजे. पण आज मला एकाच गोष्टीवर बोलायचंय, लेकरांच्या वाचण्यावर. शाळेत नाव असणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. आपण सगळे हे दोन्ही एकच धरून चाललोय.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मारुतीच्या पारावर संध्याकाळी लेकरं जमवून वाचायला बसवायचो. त्यात पाचवीतली एक मुलगी होती. अक्षर असं की बघत राहावं. वही एकदम टापटीप. मी म्हणालो, बाई, हे काय लिहिलंयस ते वाच बरं. ती गप्प. मग हळूच म्हणाली, "दादा, फळ्यावरचं बघून लिहिलंय. वाचता न्हाई येत." पाच वर्षं ती फळ्यावरची चित्रं काढावीत तशी अक्षरं काढत होती. वहीत बरोबरची खूण, पटावर हजेरी, निकालपत्रात 'वर्गोन्नत'. कागदावर कुठंच काही बिघडलेलं नाही.

हे तिच्या एकटीचं नाही. देशभर खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन लेकरांचं वाचन तपासणारा 'असर' नावाचा अहवाल 2005 पासून निघतो. 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे उरलेली निम्मी पाचवीत बसून दुसरीचं वाचू शकत नाहीत. आणि ही सगळ्या ग्रामीण लेकरांची सरासरी. ज्यांचं घरच सहा महिने फडावर असतं त्यांचं काय, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता साधा हिशोब मांडू. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. लेकरू ऑक्टोबरच्या शेवटी निघतं. परत येतं तेव्हा वार्षिक परीक्षेची गडबड. म्हणजे वर्षाला हातात पडले साडेचार-पाच महिने. त्यात गणपती, पोळा, दसरा वजा करा. पहिली, दुसरी, तिसरी अशी तीन वर्षं धरली तरी ते प्रत्यक्ष वर्गात बसलं जेमतेम पंधरा महिने. बरं, सुटतात ते महिने कोणते? पहिलीत दिवाळीपर्यंत अक्षरओळख होते, काना-मात्रा कुठं बसायला लागतात. दिवाळीनंतर शब्द, वाक्य, जोडाक्षरं. नेमका तोच भाग बुडतो. पुढच्या जूनमध्ये आधीची अक्षरं विसरलेली आणि पुस्तक मात्र दुसरीचं.

काहीजण म्हणतात, तिकडं शाळेत घाला की. कायद्यानं कुठल्याही जवळच्या शाळेत प्रवेश मिळतो, हे खरं. पण टोळी एका गावी राहत नाही. फड संपला की कोपी उचलायची आणि पुढच्या शिवारात टाकायची. कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलेल्यांच्या जवळची शाळा बऱ्याचदा कानडी. तांड्यावरच्या लेकरांची घरची बोली गोरमाटी, पुस्तक मराठी, त्यात समोर कानडी. ते बिचारं काय शिकणार?

आणि खरं सांगायचं तर लेकरू तिकडं मोकळं नसतंच. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई फडात गेली की धाकट्याला कोण सांभाळणार? आठ-दहा वर्षांची पोरगी. पाणी तीच आणते, कोपीत भाकरीही तीच टाकते. रात्री गाडी भरायला आली की आईबाप उठतात, त्यांच्याबरोबर ती पण उठते. मुलग्याला आजीकडं ठेवतात आणि मुलीला सोबत नेतात, हे आपल्याच घरांत चालतं. राग येऊ देऊ नका, पण खोटं असेल तर सांगा.

मी स्वतः कोयत्याच्या घरातला. माझं वाचन टिकलं ते आजीमुळं. आईबाप दरवर्षी जायचे, मी आजीजवळ. तिला अक्षर ओळखत नव्हतं. पण किराणा दुकानातून पुडी आली की साखर डब्यात ओतायची आणि तो कागद माझ्यापुढं सरकवायची. "वाच रे बाळा, काय लिवलंय." अर्धी बातमी, फाटलेली जाहिरात, काहीही. मी अडखळलो की थांबायची, चूक काढायची नाही, कारण तिला ती कळतच नव्हती. फक्त ऐकायची. रोज कुणीतरी आपलं वाचलेलं ऐकतंय, एवढ्यावर मी वाचायला शिकलो.

म्हणून मला वाटतं, हा प्रश्न आभाळाएवढा नाही. हाताला येण्यासारखा आहे.

यावर काम झालेलं आहे. मुंबईतून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेनं एक साधी गोष्ट करून दाखवली. लेकरू कितवीत आहे ते बाजूला ठेवा, त्याला काय वाचता येतं ते बघा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जो जिथं अडलाय त्या गटात त्याला बसवा आणि रोज तास-दोन तास तेवढंच घ्या. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी या पद्धतीच्या शास्त्रशुद्ध चाचण्या घेतल्या. त्यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागं अशाच प्रकारचं काम आहे. काही आठवड्यांच्या शिबिरातही फरक दिसतो. लागतं काय? गोष्टींची पुस्तकं, खडू, आणि बारावी झालेली गावातली एखादी पोरगी, जिला लेकरांचा कंटाळा नाही.

सरकारनंही 2021 मध्ये निपुण भारत आणलं. तिसरीपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता आलं पाहिजे, आणि हे 2026-27 पर्यंत गाठायचं, असं ठरलं. ध्येय चांगलं आहे. पण तिसरीपर्यंतची निम्मी शाळा ज्याची फडात गेली, त्याच्यासाठी वेगळं काय? आता पाचवीला परीक्षा आलीय, नापासही करता येतं. पहिलीत अडलेल्या लेकराला पाचवीत अडवून काय मिळवणार?

मास्तरांना शिव्या द्यायला ही पोस्ट नाही. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, त्यात मतदार याद्या, सर्वेक्षणं, रोजची ऑनलाइन माहिती. तरी कितीतरी गुरुजी आणि बाई स्वतःच्या खिशातून पुस्तकं आणतात. त्यांना गावाची साथ पाहिजे.

तर माझं म्हणणं एवढंच. गाड्या निघायच्या आत प्रत्येक गावात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा आणि एवढं करा:

1. कोणत्या घरातलं कोणतं लेकरू जाणार, याची नावानिशी यादी. मुलींची आधी.

2. हंगामी वसतिगृह पहिली गाडी हलायच्या दिवशी सुरू झालं पाहिजे. लेकरू आजी-आजोबाजवळ राहतं आणि शाळेत जेवतं, अशी ही सोय. पण मंजुरी येईपर्यंत आईबाप लेकरांना घेऊन निघून जातात. मग रिकाम्या गावात जेवण शिजवून काय उपयोग? प्रस्ताव वेळेत गेला का, हे आत्ताच विचारा.

3. जाणाऱ्या लेकराला शिक्षण हमी पत्रक द्या. त्याला वाचायला कुठपर्यंत येतं, हे सोबतच्या एका कागदावर लिहा. परत आल्यावर पुन्हा तपासा.

4. एप्रिल ते जून पारावर, देवळात, जागा मिळेल तिथं रोज तासभर वाचनाचा वर्ग. इयत्तेप्रमाणं नको, येतं त्याप्रमाणं गट.

5. मुकादमांनो, तुम्हीही आमच्यातलेच. उचल देताना एक शब्द टाका, की शाळेतली पोरगी सांभाळायला आणायची नाही. दहा कोयत्यांच्या टोळीत एक म्हातारी बाई लहान लेकरं सांभाळायला ठेवा, तिला सगळ्यांनी मिळून पैसे द्या.

कुणी म्हणेल, पोटाचं बघावं का पुस्तकाचं? त्यांच्यासाठी एक सांगतो. पारावरच्या वर्गाला एक बाप रोज पोरीला सोडायला यायचा. त्याला विचारलं, काका, काय वाटतं, शिकून काय होईल ही? तो म्हणाला, "काय व्हायचं ते होऊ द्या. काट्याची पावती आन् मुकादमाची वही वाचून दाखवली तरी माझी उचल फिटल." हंगाम संपल्यावर वहीत जी बाकी निघते ती बरोबर का चूक हे त्याला आयुष्यभर दुसऱ्याला विचारावं लागलं. अंगठा उठवायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोयता उचलायचा. आमच्याकडं पुस्तकाचा प्रश्न हाच पोटाचा प्रश्न आहे.

तुमच्या गावातल्या समितीची बैठक कधी आहे, तारीख खाली लिहा. ठरली नसेल तर अध्यक्षांना आजच फोन लावा. बैठक झाली की यादीत किती लेकरं निघाली तेही कळवा. पटलं तर शेअर करा, मुकादमांच्या ग्रुपवर तर नक्की टाका.